पावडर पुसल्यावर

"नातवाचं लग्न आहे का, पाटी?"

विमा कंपनीच्या काउंटरवरच्या माणसाने हे विचारलं. आमच्या तंजावुरात म्हाताऱ्या बाईला पाटी म्हणतात. म्हणजे आजी. शब्द प्रेमाचा आहे. त्याने तो प्रेमाने वापरला नव्हता. माझा अर्ज त्याच्या हातात होता. तो त्याने शेजारच्या टेबलाकडे धरला आणि म्हणाला, "बघा, यांना तोंडाला लेझर करून पाहिजे."

शेजारचा म्हणाला, "लग्न नातवाचंच ना? पाटीचं नाही ना?"

माझ्यामागे रांगेत पाचसहा माणसं होती. ती हसली. मीही हसले.

बाळांनो, तुम्हाला सांगायला सगळ्यात जड हेच वाटतं. ते हसले म्हणून नाही. मी हसले म्हणून. त्यांच्यासारखंच, दात दाखवून, जणू विनोद दुसऱ्याच कुणावर होता.

तिकडे परदेशात वाढलेल्या तुम्हा नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही. बाबाला वाचून दाखवायला सांगा. तो अडखळेल. अडखळू दे. गाळू मात्र देऊ नका.

माझ्या आजाराचं नाव रोझेशिया. गाल आणि नाक लाल होतं. लाजल्यासारखं नाही, तव्यावर तोंड धरल्यासारखं. मग बारीक फोड येतात. मग डोळे. पापण्यांच्या कडा सुजतात, आत वाळू गेल्यासारखं टोचतं. गॅसपुढे दहा मिनिटं उभी राहिले की सुरू. गरम रसम प्यायले की सुरू. उन्हात भाजीला गेले की सुरू. मी कॉफी सोडली. आमच्या घरात कॉफी सोडणं म्हणजे काय, ते बाबाला विचारा.

नाव कळायला फार वर्षं लागली. तोवर लोकांनी आपापली नावं दिली. कुणी उष्णता म्हटलं, कुणी पित्त. कुंभकोणमच्या एका लग्नात नात्यातल्या एका बाईने माझ्या नाकाकडे बघत विचारलं, "रिटायर झाल्यावर संध्याकाळी काय करता हो, वहिनी?" आणि अंगठा ओठाशी नेला. सगळ्या हसल्या. त्या दिवशीही मी हसलेच होते.

आणि घरी येऊन आणखी पावडर लावली.

पावडर मला आईने शिकवली. लहानपणी माझे गाल गुलाबी होते. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरांना आपल्या गोऱ्या रंगाचं फार कौतुक. शाळेत पाहुणे आले की गुलाबपाणी शिंपडायला मला पुढे उभं करायचे. वर्गात पहिली यायची सेल्वी. ती काळी होती. ती मागच्या ओळीत. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. चेहऱ्यावरून माणसाला पुढे काढतात, याचा मला तेव्हा फायदा होता. तिशीनंतर गुलाबी गेलं आणि लाल आलं, तशी आई म्हणाली, "पावडर लावल्याशिवाय दारात जाऊ नको." मी चाळीस वर्षं गेले नाही. कॉलेजच्या ऑफिसात नोकरी केली, सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले, तुमच्या आजोबांना अग्नी दिला त्या दिवशीसुद्धा आरशासमोर उभी राहिले.

डॉक्टरकडेही मी पावडर लावूनच गेले. त्रिचीच्या त्वचेच्या डॉक्टर, वयाने तुमच्या आईपेक्षा लहान. त्यांनी ओला कापूस माझ्या हातात दिला.

"पुसा आधी. मला पावडर तपासायची नाही."

मी पुसलं. खिडकीतून ऊन येत होतं. त्यांनी भिंग धरून बराच वेळ पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्या तोंडाकडे कुणी हसू न आणता पाहिलं ते पहिल्यांदा. मलम दिलं, गोळ्या दिल्या. कित्येक महिने घेतल्या. फोड कमी झाले, आग गेली नाही. मग त्या म्हणाल्या, कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगून बसल्या आहेत, मलम तिथवर पोचत नाही. लेझरच्या प्रकाशाने त्या बंद करता येतात. चार वेळा यावं लागेल. रबरबँडचा फटका बसावा तसं लागेल, बाकी काही नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही वेगळी चिठ्ठी दिली.

अर्ज मी नीट केला. मला नीटच करता येतं. कंपनीचं उत्तर एका ओळीचं आलं. हा सौंदर्योपचार आहे, विम्यात बसत नाही. म्हणून मी त्या काउंटरवर गेले होते. तिथे हसून झाल्यावर तो माणूस म्हणाला, "आजार आहे म्हणता तर पुरावा आणा. तोंड तर छान दिसतंय."

आता माझी चूक ऐका. पुरावा म्हटल्यावर मला फाईल दिसते. मी कपाटातून फोटो काढले. नोकरीतल्या ओळखपत्राचा. निवृत्तीच्या दिवसाचा. तुमच्या बाबाच्या लग्नातला. पासपोर्टचा. तुमच्याकडे आले होते तेव्हा विमानतळावर तुम्ही काढलेला. सालवार लावले, मागे तारखा लिहिल्या, भोकं पाडून टॅग बांधला. चिठ्ठ्यांच्या मागे जोडून दिले. आजार इतक्या वर्षांचा आहे, हे त्यांना दिसावं म्हणून.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. विमाधारकाने स्वतः सादर केलेल्या सर्व छायाचित्रांत त्वचा निरोगी दिसते.

मी फाईलची प्रत उघडली. एकेक फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. खरंच होतं. कुठेही लाल नाही. सगळ्या फोटोंत एक पांढरट, सपाट, हसरी बाई. त्यांनी काही खोटं लिहिलं नव्हतं. खोटं मी लावलं होतं, रोज सकाळी, आपल्या हाताने. ज्यांना बघवत नव्हतं त्यांच्यासाठी. आणि आता तेच लोक म्हणत होते, आम्हाला तर काही दिसत नाही.

मला रडू आलं नाही. राग आला. इतका स्वच्छ राग मला आयुष्यात आला नव्हता.

मी फेरविचाराचा अर्ज केला, तेव्हा कंपनीने तपासणीला बोलावलं. दुपारी बाराची वेळ. मी तोंड साध्या पाण्याने धुतलं. पावडरचा डबा तिथेच होता. हात सवयीने गेला. मी तो मागे घेतला. छत्री नेली नाही, ऑटो केली नाही. राजवाड्यापासून कंपनीच्या ऑफिसापर्यंत भर उन्हात चालत गेले. मोठ्या बसस्टँडजवळ फुलवाली ओळखीची आहे. ती म्हणाली, "अम्मा, तोंडाला काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. हे असंच आहे." तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा गजरा गुंफायला लागली. इतकंच. चाळीस वर्षं मी ह्याला भ्याले होते.

काउंटरवरचा तोच माणूस उठून उभा राहिला. "पाटी, बसा. अहो, पाणी आणा कुणीतरी."

"पाणी नको," मी म्हटलं. "हा माझा चेहरा. गेल्या वेळी तुम्ही पावडर पाहिली होती."

या वेळी कुणी हसलं नाही.

आतल्या गार खोलीत कंपनीचे डॉक्टर होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग फाईलकडे. फाईल त्यांना जास्त आवडली. म्हणाले, "फोटोंत असं काही नाही."

मी पर्समधून कागद काढून दिला. आदल्या दिवशी लिहिला होता. सर्व छायाचित्रांत मी चेहऱ्यावर पावडरचा थर लावलेला आहे, आजार लपवावा म्हणून, हे मी लिहून देते. खाली सही.

त्यांनी वाचलं. चेहरा खुलला. "म्हणजे आजार जुना आहे. मग पॉलिसी घेताना लपवलात. असं असेल तर काहीच देता येणार नाही, मॅडम."

मी म्हटलं, "पॉलिसी घेतली तेव्हा एकाही डॉक्टरने त्याला नाव दिलं नव्हतं. नाव नसलेला आजार मी कोणत्या रकान्यात लिहायचा होता?"

ते फाईलची पानं उलटायला लागले.

"आणि पाच मिनिटांपूर्वी तो आजारच नव्हता, नटणं होतं. आता जुना आजार झाला. दोन्हींतलं एक ठरवा, आणि तुमच्या सहीने लिहून द्या."

त्यांनी सही केली नाही. त्याऐवजी एक छापील कागद पुढे सरकवला आणि आवाज मऊ केला. "हे बघा, तुमची डोळ्यांच्या औषधांची बिलं अडकली आहेत. ती मी आज पास करतो. तुम्ही फक्त इथे सही करा."

कागद इंग्रजीत होता. अशा कागदांवर माझा जन्म गेला. त्यात लिहिलं होतं की प्रकाशाचा उपचार मी स्वेच्छेने, सौंदर्यासाठी घेत आहे, आणि त्याबद्दलची मागणी मागे घेत आहे. मी दोनदा वाचला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, उन्हामुळे. त्यांना वाटलं मी रडते आहे.

"एवढं मनाला लावून घेऊ नका, मॅडम. या वयात कोण बघतंय तुमच्या तोंडाकडे?"

"तुम्ही बघायला हवं होतं," मी म्हटलं. "त्याचाच पगार घेता."

मी पेनाला टोपण लावलं आणि उठले. न सही केलेला तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. ते म्हणाले, तो ऑफिसचा आहे, इथेच ठेवा. मी ठेवला नाही.

ही गोष्ट इथे संपलेली नाही. प्रकाश अजून माझ्या तोंडावर पडलेला नाही. डोळ्यांची बिलंही तशीच पडली आहेत. हे लिहिताना दर दोन ओळींनी डोळे मिटावे लागतात. चेन्नईला विमा लोकपालाकडे तक्रार गेली आहे. सोबत तो बिनसहीचा कागद आणि माझा नवा फोटो. स्टुडिओतल्या माणसाने विचारलं, "टचअप करू का, अम्मा?" मी म्हटलं, "हात लावलास तर परत काढावा लागेल." त्या फोटोची एक प्रत तुम्हाला पाठवते आहे. विमानतळावरचा जुना काढा आणि हा लावा.

तक्रारीचं काय होईल मला माहीत नाही. नाकारली तर वरच्या दाराशी जाईन. तुमच्या लग्नांना मी येणार आहे, याच तोंडाने.

आणि एक. पॉलिसीत माझ्यामागे वारस म्हणून तुमची नावं आहेत. मी गेल्यावर एखादा मऊ आवाजाचा माणूस तुमच्याकडे कागद घेऊन येईल, आणि जुनी फाईल बंद करायला एक सही मागेल. कागद पूर्ण वाचा. त्यात माझ्या आजाराला नटणं म्हटलेलं असेल, तर सही करू नका. तो काहीही देत असला तरी.