मुखदुर्बळ जावयाचा हुकूम

दवाखान्यामागच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे झाडवाला म्हणत. बाळंतपणानंतर आलेली वार धुवायची, नाळेतून लाल-निळी राळ भरायची, ती घट्ट झाली की मांस औषधात विरघळवून टाकायचं, हे त्याचं काम. मागे उरायचं ते रक्तवाहिन्यांचं झाड. कुठलं डेरेदार, कुठलं नुसता खराटा. खराट्याची बाळं बहुतेक अशक्त निघत.

त्यामुळे ‘बाळाला रक्त कमी पोचतंय’ असं डॉक्टर त्याच्या गरोदर लेकीला म्हणाले, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे खराटाच उभा राहिला.

तो कारण विचारायला गेला, तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी त्याला खुर्ची दिली. “वारेतल्या वाहिन्यांना ‘फुटा’ म्हणून सांगणारी जनुकं असतात. एक प्रत आईची, एक बापाची. पण काहींमध्ये आईची प्रत मुकी असते, बोलते ती बापाचीच.”

झाडवाला खुर्चीतून उठलाच. बाप म्हणजे जावई! रिकाम्या खुर्चीलाही ‘बसू का?’ विचारणारा प्राणी!

संध्याकाळी त्यानं जावयाला लेकीच्या पोटासमोर उभं केलं. “जावईबापू, सोडा हुकूम.”

“कुणाला?”

“वारेला. फांद्या फोड म्हणावं.”

जावयानं घसा खाकरला. “जमलं तर... थोडं फुटता का?”

“अहो, हा हुकूम झाला की अर्ज?” सासूबाई कडाडल्या.

“आई, हसवू नकोस गं, लाथा मारतंय,” लेक म्हणाली.

मग सराव सुरू झाला. जावई दाराला दटावी, बादलीवर ओरडे. शेजारच्या मांजराला त्यानं ‘बस’ म्हटलं, तर ते उठून निघून गेलं. हे बाईंच्या कानी गेलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “जनुकांना कान नसतात हो! त्यांच्यात लिहिलेलं असतं ते गर्भ राहतानाच.”

“तेव्हाही पुटपुटलाच असणार मेला,” झाडवाला म्हणाला.

मुलगी झाली. मूठभर जीव, पण आवाज भोंग्याचा. डॉक्टर म्हणाले, तगेल.

वार झाडवाल्याकडेच आली. राळ घट्ट होऊन मांस विरघळलं, त्या दिवशी जावईही बघायला प्रयोगशाळेत आला. झाड निघालं विरळ, मध्ये भगदाडं. पण एक फांदी सगळी भगदाडं ओलांडून थेट कडेला गेली होती आणि तिथे जाऊन गच्च फुटली होती.

“कपाटात ठेवू,” म्हणत बाईंनी हात पुढे केला.

“हात लावू नका!”

सगळे दचकले. कोण बोललं म्हणून जावयानंही मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

“घरी न्यायचंय,” जावई म्हणाला. “खोकं आणा.”

झाडवाला मुकाट्यानं खोकं शोधायला गेला.