पंखाखालची खपली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाकी सगळं सांगून झालं — सासऱ्यांचे दात खाडीत पडले ते, माडावरचं भूत — आणि दर वेळी थोडं वाढवून. हे वाढवायची सोय नाही.

साठ सालच्या आसपास ढोरांचे डॉक्टर मालवणहून आमच्या वाडीत आले. डास वाढले की कोंबड्यांना देवी येतात, तेव्हा निरोगी आहेत तोवर टोचून घ्या, म्हणाले. पंखाच्या पातळ कातडीत सुई टोचायची. आठवड्याने तिथे खपली धरली की झालं. पण वाडी बिचकली. देवी म्हणजे देवीचं येणं — तिला सुई दाखवायची?

आणि मी? मी डॉक्टरांची नक्कल केली. त्यांच्या पाठीमागे, नसलेला चष्मा सारखा करत. माणसं हसून लोळली.

शेजारची आनंदीकाकी अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा टोपल्यांत घालून आली होती. नवरा गेलेला, अंडी विकून घर चालायचं.

"बाबल, तू शिकलेलो. खरां सांग, टोचूक देऊ काय?"

"दी गो काकी. मगे अंड्यात सुई गावली तर माका सांगू नको."

तीही हसली. टोपल्या उचलून परत गेली.

आता ऐका — माझ्या कोंबड्या मी आदल्याच दिवशी मालवणला नेऊन टोचून आणल्या होत्या. का नाही बोललो? हशा रंगात आला होता. तो मोडवेना — एवढंच.

आठ दिवसांत देवी आल्या. काकीच्या कोंबड्यांच्या तुऱ्यांवर फोड, मग डोळे चिकटलेले, मग घशात पिवळट थर — दाणा समोर असून गिळता येईना. ती एकेकीची चोच उघडून पेज घालायची. तरी चार गेल्या.

एका सकाळी माझ्या अंगणात आली. "तुज्यो कश्यो वाचल्यो रे?"

तेव्हाही वेळ होती. तिच्या तीन कोंबड्या आणि कोंबडा अजून धड होते. आजारी वेगळ्या ठेवून धडांना टोचता आलं असतं. पण खरं सांगायचं तर आधीचंही सांगावं लागणार — नाही का?

"राखणदाराक कोंबो बोललंय," मी म्हणालो — वाडी राखणाऱ्या देवाला नवस.

माझी एक कोंबडी तिच्या पायाशी आली. काकी उचलायला वाकली — मी तिच्याआधी उचलली. पंखाखाली खपली होती.

दुसऱ्या दिवशी तिने तो धड कोंबडा राखणदाराला दिला. महिना सरेपर्यंत खुराडं रिकामं झालं. पुढे ती दुसऱ्यांची सुकी मासळी निवडायला जायची. कुणी विचारलं की सांगायची, बाबलचा कोंबडा देवाने मानून घेतला, माझा नाही घेतला. माझ्याच हातून काहीतरी चुकलं असेल.

मरेपर्यंत ती तसंच मानत होती — चौदा वर्षं. आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण होतं, तेही मोडकं.