मिनीचं शूटिंग आमच्या घरी

शूटिंगवाली पोरं घरात शिरली ना, की खरकटी भांडी आणि किस्से दोन्ही साचतात. भांडी निदान घासून पालथी घालता येतात. किस्से पोटात ठेवले की मला अपचन होतं! तेव्हा ऐका.

मिनी म्हणजे माझ्या भाच्याची, शिरूची पोरगी. शिरू धारला, मी देवासला, आणि मिनी इंदूरला पिक्चर काढायचं शिकते. कॉलेजवाल्यांनी सांगितलं, दरेक जातीची एकेक छोटी फिल्म काढा. भुताची, प्रेमाची, मारधाडीची, सगळी. इकडे शिरूनी फर्मान काढलं, "पिक्चर-बिक्चर पुरे झालं. या सुट्टीत बी.एड.चा फॉर्म भर. मास्तरीण हो!"

पोरगी रडत माझ्याकडे आली. म्हटलं, "रडतेस काय? माझं घर घे, मला घे, आणि काढ काय काढायचं ते. शिरूला मी बघते."

*

पहिली भुताची. भूत अर्थात मीच!

तोंडाला मैदा फासला, केस मोकळे सोडले, डोळ्यांखाली काजळ थापलं. बेल वाजली की मी दार उघडून किंचाळायचं, असं ठरलं होतं. मिनीची मैत्रीण बाहेरून बेल वाजवणार होती.

बेल वाजली. मी दार उघडलं आणि अशी किंचाळले, की घरातली मांजर गच्चीवर पळाली. बघते तर समोर दूधवाला!

त्यानी मला वरून खाली बघितलं. शांतपणे दूध मापलं. म्हणाला, "अम्मा, आज तो बड़ी फ्रेश लग रही हो!"

*

मग प्रेमाची. हिरो बदनावरचा, मिनीच्याच वर्गातला. पोरगा दिसायला छान, फक्त मुलीकडे बघायचं म्हटलं की कानापर्यंत लाल. हिरॉइन झाली मिनीची तीच मैत्रीण.

टेकडीच्या पायथ्याशी दोघांना उभं केलं. त्यानी गुलाब पुढे करून प्रेमाचं बोलायचं होतं. बिचारा सकाळपासून घोकत होता. शेवटी एकदाचा धीर केला, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "मैं तुम्हारे बिना जी नहीं सकता, भिया!"

आता आमच्या माळव्यात भैयाचं होतं भिया. दुकानदार भिया, गिऱ्हाईक भिया, मास्तर भिया. सवय जाते का कुठं?

हिरॉइननी गुलाब घेतला आणि म्हणाली, "कोई बात नी, भिया!"

*

पुढची डॉक्युमेंट्री. यात म्हणे सगळं खरं असतं. मिनीनी कॅमेरा लावला आणि म्हणाली, "आत्याआजी, या घराबद्दल असं सांग, जे कोणाला माहीत नाही."

मी आवाज हळू केला. म्हटलं, "कोणाला बोलू नकोस. ती गव्हाची कोठी आहे ना? तिच्या मागनं भुयार जातं. थेट धारच्या किल्ल्यात!"

तीन धट्टीकट्टी पोरं उठली. घाम गाळून कोठी ओढली. मागची जाळीजळमटं काढली, कचरा झाडला, फरशी ठोकून ठोकून बघितली. भुयार काही निघालं नाही.

"आत्याआजी, कुठंय भुयार?"

"नसेल बाई. पण दिवाळीपासून तिथं झाडायचं राहिलं होतं!"

*

मूकपटात मी आणि माझी नणंद, विमलवन्सं. मिनीनी समजावलं, "तुम्ही दोघी खूप वर्षांनी भेटता. हात हातात घ्यायचे, काहीही बोलायचं. आवाज येणार नाही."

मी विचारलं, "नक्की येणार नाही?"

"नक्की!"

बस! मी वन्संचे हात धरले आणि गोड हसत म्हटलं, "माझी पितळी परात लग्नात नेलीत ती दाबूनच बसलात ना?" त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आणि तुम्ही माझी पैठणी नेसून भाजी आणायला गेलात, ते?" मग काय, जुनं सगळं बाहेर आलं. शेवटी दोघींच्या डोळ्यांत पाणी!

मिनीच्या सरांनी खाली लिहून पाठवलं, नणंद-भावजयीची एवढी माया कुठं बघितली नाही.

*

मग मारधाडीची. धामनोदजवळ पळापळीचा सीन. पुढे बॅग घेतलेला चोर, मागे पोलीस. पोलीस म्हणजे आपला बदनावरवालाच. दोघं ढाब्यासमोरून पळाले, तर ढाबेवाला आडवाच आला.

"ओ भिया, इतनी धूप में कहाँ? पहले चाय पी लो, फिर भागना!"

चोर बसला. पोलीस बसला. पोहे पण मागवले. वर पोलिसानी चोराच्या पोह्यांवर शेव घातली!

*

राहिली शेवटची, गंभीर. घरात म्हातारी वारली, एवढीच गोष्ट. म्हातारी कोण? सांगायला नको!

बाहेरच्या खोलीत मला चटईवर निजवलं, अंगावर पांढरी चादर. गल्लीतल्या बायका गोळा केल्या. कोणी मधे बोलायचं नाही, सगळ्यांचे फोन बंद. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या काकू शूटिंगलासुद्धा खरंखुरं पिठलं-भात घेऊन आल्या!

मिनीनी "ॲक्शन" म्हटलं, आणि दारात शिरू!

फॉर्म भरायला मिनीला न्यायचं म्हणून तो धारहून निघाला होता. फोन कोणाचाच लागेना. दाराशी चपलांचा ढीग, आत बायका गप्प, पिठल्याचं पातेलं आणि मी अशी आडवी. त्यानी बॅग टाकली, माझ्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा हंबरडाच फोडला.

"आत्या! एकदा डोळे उघड गं! तू म्हणशील ते करीन!"

मी डोळे नाही उघडले. तोंडातल्या तोंडात म्हटलं, "मग मिनीचं बी.एड.?"

"नाही पाठवत गं! शपथ! तिला काय करायचं ते करू दे!"

मी एक डोळा उघडला.

शिरू पांढराफटक! एकदा माझ्याकडे बघतो, एकदा बायकांकडे, एकदा पिठल्याकडे. बायकांनी पदर तोंडात कोंबले. म्हटलं, आता याचा भडका उडणार.

तेवढ्यात कॅमेऱ्यामागनं मिनीचा बारीक आवाज आला, "बाबा... एक नंबर झालं. फक्त तुमचं तोंड नाही दिसलं. एकदा परत रडता का?"



शिरूनी रुमालानी नाक पुसलं. केसांवरून हात फिरवला.

"कुठल्या बाजूनी?"