पेंडीची ऊब

यंदा म्हातारी कुणाकडे राहणार, हे जॉर्डनमधल्या अजलून गावच्या त्या घरात कुणी उघड विचारत नव्हतं. पण वस्फियाच्या मनात तेच सलत होतं. म्हातारी म्हणजे तिची सासू, हाज्जा तमाम. हिवाळा ती थोरल्या सुनेकडेच काढायची आणि तिला भेटायला येणारं सगळं गोत वस्फियाच्या शेगडीभोवती बसायचं. हा मान काय साधा होता? पण गेल्या वर्षी धाकट्या जावेने, इन्तिसारने, डिझेलची शेगडी काढून पेंडीची बसवली आणि सासूबाई महिनाभर तिकडेच रमल्या. महिनाभर! वस्फियाचा नुसता जळफळाट झाला. इन्तिसारच्या खोलीत शिरलं की कोट काढावा लागायचा. 'मेलीने ही ऊब मिरवायलाच बोलावलं असणार,' असं हिला दर वेळी वाटायचं.

वस्फिया हिशोबात पक्की. रोज किती लीटर डिझेल, महिन्याला किती पिंपं, सगळं तोंडावर. लाकूड महाग, डिझेलचं तर विचारूच नका. जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, तेल गाळून उरलेल्या पेंडीच्या कांड्या घेतल्या, तर निम्म्या खर्चात हिवाळा निघत होता. कुठली पेंड घ्यायची, हे इन्तिसारने आनंदाने सांगितलं असतं. पण विचारायला हिची जीभ वळेल तर ना! तिने परस्पर घाण्यावर जाऊन कालपरवा निघालेली पेंड स्वस्तात उचलली आणि नवी शेगडीही आणली.

पहिला गारठा पडला तशी ती सासूला हाताला धरून घेऊन आली, शेगडीजवळ बसवलं आणि काडी लावली. घटकाभरात खोलीत माणूस दिसेना.

"अगं, मला धुरी देतेस की काय?" म्हातारी खोकत ओरडली.

धूर बघून शेजारून इन्तिसार धावली आणि जावेला म्हणाली, "अहो घालिबच्या आई, ही यंदाची ओली पेंड! उन्हाळाभर गच्चीवर वाळवल्याशिवाय पेटते का ती? मी गेल्या सालची जाळते. थांबा, दोन पोती पाठवते."

"राहू दे तुझी पोती. आनंद झाला असेल ना तुला?"

"झालाय थोडा," इन्तिसार हसून म्हणाली आणि खिडक्या उघडायला लागली.

म्हातारी शाल सावरून उठली.

"सासूबाई, जाऊ नका," वस्फिया दारात आडवी आली. "जुनी शेगडी लावते ना! एवढ्याशा उबेसाठी थोरल्या सुनेचं घर सोडणार तुम्ही?"

"ऊब तुझ्याकडेही होती, पोरी. पण मी शेगडीपुढे हात धरले की तुझे डोळे डिझेलच्या टाकीवर जायचे. मला काय दिसत नाही?"

'काहीतरीच काय!' असं म्हणायला वस्फियाने तोंड उघडलं. पण गेल्या हिवाळ्यात म्हातारीपायी किती डिझेल जळलं, तो आकडा तिला अजून तोंडपाठ होता.