चाटलेला खडक

माझ्या सहावीतल्या मुलीने वर्गात परस्पर सांगून टाकलं होतं, की माझे बाबा दगडांच्या मुलखातले आहेत, खडकांचे तिन्ही प्रकार मीच आणीन. अग्निजन्य, गाळाचा आणि रूपांतरित. प्रदर्शन शनिवारी होतं. मला हे कळलं गुरुवारी रात्री जेवताना.

"त्यात काय," मी म्हणालो. "सकाळी बागेत फूटभर खणतो."

हे मी अगदी मनापासून म्हणालो. आमच्या साताऱ्याकडच्या गावी कुंपणाचा खांब रोवायचा तरी पहार लागते. नऊ इंचांवर मुरूम, त्याखाली काळा कातळ. बदली होऊन कलकत्त्यात येऊन चार वर्षं झाली होती, पण जमिनीखाली दगड असणारच, हे मी गृहीत धरलं होतं.

शुक्रवारी सकाळी खुरपं आणि मोजपट्टी घेऊन इमारतीमागच्या बागेत बसलो. एक फूट : चिखल. दोन फूट : चिखल, जरा निळसर. दोन फूट सात इंचांवर पाणी. विटेचा एक तुकडा मिळाला, पण त्याला खडक म्हणणं मला पटेना.

वरच्या गॅलरीतून शेजारचे निवृत्त मास्तर बघत होते. "काय मोशाय, तळं खणताय?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"दगड शोधतोय."

ते इतके हसले की कपातला चहा हिंदकळला. "इथे? अहो, गंगेने डोंगर दळून त्याचं पीठ इथे ओतलंय. खणत राहा, संध्याकाळपर्यंत मासे लागतील."

हात हलवत घरात आलो, तसा मुलीचा चेहरा पडला. सगळ्या वर्गाला शब्द देऊन बसली होती. "बाबा, बजबजला जाणाऱ्या रेल्वेलायनीवर कितीतरी दगड आहेत. एक आणू या ना."

"ती रेल्वेची खडी आहे."

"एकच!"

"प्रत्येकाने एकच नेला तर रूळ कशावर टेकतील?"

"राहू दे गं, ते नाही उचलायचे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि अहो, घरात दगड नाहीत होय? मग चार बदल्यांत मी काय कापूस वाहून नेला?"

तिने वरवंटा टेबलावर आणून ठेवला. मुलीचं भूगोलाचं पुस्तक उघडून पाहिलं. काळा बसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला, माझ्या गावाखाली आहे तोच. वजन दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम. मग संगमरवरी पोळपाट आला : दाबाने आणि उष्णतेने रूप पालटलेली चुनखडी.

राहिला गाळाचा. मी बागेतला चिखल सुचवला.

"बाबा, तो अजून खडक झाला नाहीये."

"किती वेळ लागेल?"

"उद्यापर्यंत नाही होणार."

शेवटी बायकोने डब्यातून सैंधवाचा खडा काढला. आटलेल्या समुद्राचा साका, म्हणजे गाळाच्याच जातीचा. एकशे चौसष्ट ग्रॅम. "वरवंटा उद्या संध्याकाळी परत हवा," तिने बजावलं. "रविवारी चटणी आहे."

शनिवारी दुपारी शाळेत गेलो, तर मुलीच्या टेबलापाशी रांग. खडक ओळखायची एक खूण म्हणून तिने सैंधव चाटून बघायला परवानगी दिली होती. खड्याला मधोमध चांगला खळगा पडलेला. तेवढ्यात भूगोलाच्या बाई आल्या.

"दऱ्या कशा तयार होतात?" त्यांनी विचारलं.

मुलीने खडा उचलला. "पाण्याने खडक झिजतो. हा सकाळी सपाट होता. आता बघा, दरी."

"पण पाणी कुठून आलं?"

तिने रांगेकडे बोट दाखवलं. "सहावी अ मधून."

बाई हसल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. मुलगी माझ्याकडे बघून एवढी खुलली, की खड्यावरून रागवायचं राहूनच गेलं.

घरी येऊन वजन केलं. एकशे एकोणचाळीस. म्हणजे एका दिवसात पंचवीस ग्रॅमची झीज.

"तो डब्यात परत टाकू नका," बायको म्हणाली. "वरवंटा तरी धड आहे ना?"

"हो आई," मुलगी म्हणाली. "तोही चाटला सगळ्यांनी, पण त्याला काही चवच नाहीये."

रविवारी चटणी वाटण्याआधी बायकोने वरवंटा चार वेळा धुतला. नंतर मी तो काट्यावर ठेवला. दोन किलो तीनशे चाळीस.