बर्फावरची सावली

मला घडवलं ते इतिहासाच्या देशमाने सरांनी. आखातातल्या माझ्या कंपनीनं ट्रेनिंगला जर्मनीत पाठवलं, तेव्हा ऐन हिवाळ्यात मी सरांनी शिकवलेली छळछावणी पाहून आलो. खास त्यांच्यासाठी फोटो काढले.

परतल्यावर रोल मुसफ्फात, आमच्या कामगार वस्तीत, धुवायला दिला. तिथला फोटोवाला एरवी गुणगुणत प्रिंट द्यायचा. त्या दिवशी त्यानं सगळे प्रिंट पुन्हा चाळले. आमची मंडळी गाडीला टेकून फोटो काढतात, त्याचीच त्याला सवय.

"भाई, आप किसी में नहीं? घरवाले क्या देखेंगे?"

"मेरे सर के लिए हैं. वहाँ पोज कैसे देता?"

त्यानं मान हलवली. मग एक प्रिंट वर काढला. काटेरी तारांजवळच्या बर्फावर माझी लांब सावली पडली होती.

"ये ऊपर रखो. सर पहले आपको ढूँढ़ेंगे."

मी सरांना लिहिलं, "सर, ती सावली माझी आहे. तुमचा विद्यार्थी तिथं टोपी काढून उभा होता."