ज्वारी अडली, भाकरी गेली

सोलापुरातल्या आमच्या कॉलनीच्या समितीत मला घेतलं ते इंग्रजीमुळे. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि समितीला ईमेल लिहिणारं कुणीतरी हवं होतं.

शेजारणीची मुलगी डॉक्टर आहे, आफ्रिकेतल्या एका देशात मदतछावणीवर काम करते. तिकडे पाऊस नव्हता. ती सुट्टीवर आली तेव्हा म्हणाली, तिथले लोकही ज्वारीच खातात. ते ऐकून आमच्या अध्यक्षांनी बसल्या जागी ठरवलं की सोलापूरची ज्वारी तिकडे पाठवायची. अध्यक्ष मूळचे माढ्याचे, सरकी-पेंडीचे व्यापारी. महिनाभरात पोती गोळा झाली आणि त्यांच्याच गोदामात सरकीशेजारी थप्पी लागली. जहाजाचं डॉक्टरची संस्था बघणार होती.

मग तिकडून ईमेल आली. धान्य जनुक बदललेलं नाही, असा प्रयोगशाळेचा दाखला हवा. मी ती समितीत मराठीत वाचून दाखवली.

"जवारीत कुटं आलंय बीटी?" अध्यक्ष म्हणाले. "कपाशीत असतंय ते. पाठवा नमुना."

नमुना गेला. अहवाल आला तो असा, की ज्वारी निर्दोष आहे, मात्र तिच्यात बीटी कापसाच्या सरकीचे दाणे आणि भुसा आहे.

कुणीच अध्यक्षांकडे बघितलं नाही. ते स्वतः छताकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "ही सरकी आमची म्हैस रोज खाती. तिचं दूध ह्या खोलीतले सगळे पितात. कुणाला काय झालंय?"

त्या संध्याकाळी मी डॉक्टरला फोन लावला. मनात म्हटलं, जरा सुनवावं.

"अगं, माणसं उपाशी आहेत ना? मग एवढी चौकशी कशाला?"

"काकू, उपाशी आहेत म्हणून विचारायचंच नाही का?" ती म्हणाली. "आलेलं धान्य लोक सगळं खात नाहीत. थोडं पेरतात. त्यात दुसरं काही असलं तर तेही शेतात उगवणार. ते तिथल्या सरकारला नकोय. दळून पाठवा, तर घेतील म्हणतात."

आमच्या घरी तर साबणसुद्धा नवा आणला की सासूबाई आधी चौकशी करायच्या.

पुढच्या बैठकीत मी सांगितलं, पीठ चालेल. त्यावर मीच म्हटलं की ज्वारीचं पीठ महिन्याभरात कडू होतं, जहाजाला त्याहून जास्त दिवस लागतात.

अध्यक्ष तापले. "धान्य नको, पीठ टिकत न्हाय. मग काय आता भाकरी थापून पाठवू व्हय?"

कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. अध्यक्षांना आपण काय बोललो ते सगळ्यात शेवटी कळलं.

मी ईमेल लिहिली. भाकरीला इंग्रजीत काय म्हणावं यावर बराच वेळ घालवून शेवटी 'ज्वारीची कोरडी बिस्किटं' असं लिहिलं. तिकडून मंजुरी आली. भाजलेलं काही उगवत नाही, याबद्दल दोन्ही देशांचं एकमत झालं.

आमच्या मागच्या वस्तीत एक मावशी बचत गटातल्या बायकांना घेऊन कडक भाकऱ्या करून विकतात. त्यांनी काम घेतलं, पण अट घातली की ज्वारी गोदामातून हलवायची. पोती समाजमंदिरात आणून निवडली, चाळली. अध्यक्ष स्वतः चाळण धरून बसले. एवढ्या भाकऱ्या कुठं चालल्या, असं बायकांनी विचारलं तेव्हा मी त्यांना मोबाइलवर नकाशा दाखवला. मावशींनी तो बघितला आणि म्हणाल्या, "लई लांब हाय. पातळ करू, वजन कमी भरंल."

डबे पोचले. डॉक्टरचा फोटो आला. माणसं जमिनीवर बसून भाकरी गरम दुधात चुरत होती. खाली तिने लिहिलं होतं: निम्म्या भाकऱ्या वाटेत मोडल्या, तरी संपल्या. पुढच्या वेळी मीठ थोडं जास्त. एका आजींनी मात्र भाकरीला ताट समजून तिच्यावर वाढून घेतलं आणि जेवण झाल्यावर ती पुसून परत दिली.

मी हे मावशींना वाचून दाखवलं. वाटलं, वाईट वाटेल त्यांना.

"ताट समजल्या?" त्यांनी फोटो मोठा करायला लावला. "म्हंजी गोल झाल्या होत्या की."